कासवाचा चारा : बांधावरील तण, विषारी वनस्पती आणि आपले कर्तव्य

गोदावरीच्या काठी वसलेले बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र महाराष्ट्रातील भाविकांना परके नाही. धर्माबाद, उमरी, नांदेड या भागांतील कितीतरी कुटुंबे आपल्या मुलांना अक्षराभ्यासासाठी येथे घेऊन येतात. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ सालच्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात समाविष्ट झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंस शेतीची रीत, सणवार आणि श्रद्धा पुष्कळ अंशी सारख्याच आहेत. कासवाविषयीचा आदर ही अशीच एक समान श्रद्धा होय.

आपल्याकडील बहुतेक जुन्या मंदिरांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेले असते आणि भाविक प्रथम त्यास वंदन करतात. या आदरापोटीच काही कुटुंबे जिवंत कासव घरी आणून ठेवतात. कासव घरात असले म्हणजे लक्ष्मी स्थिर राहते, अशी समजूत त्यामागे असते. परंतु घरी आणलेल्या या प्राण्यास काय खावयास घालावे, याची माहिती सहसा कोणासच नसते. मग शिजलेला भात, पोळीचा तुकडा, दूध, काकडी आणि टोमॅटो यांवर त्याचे दिवस निघतात. वर्ष-दोन वर्षांत त्याचे कवच मऊ पडते, पाय अधू होतात, आणि एके दिवशी ते हालचाल करीनासे होते. घरच्यांनी तर त्यास रोज प्रेमाने खाऊ घातलेले असते. ज्या चाऱ्यावर ते सुखाने जगले असते, तो चारा त्याच वेळी घरामागच्या बांधावर निंदणी करून फेकून दिला जात असतो.

सर्वसामान्य तणांपैकी व झाडपाल्यापैकी कासवास कोणता पाला निर्धोक, कोणता बेताने द्यावयाचा आणि कोणता सर्वथा वर्ज्य, याची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे. तसेच कासव हाती आल्यास नागरिक म्हणून आपले कर्तव्य कोणते, हेही सांगितले आहे.

प्रथम कासव ओळखावे

मराठीत ‘कासव’ आणि तेलुगूत ‘ताबेलु’ हे शब्द जमिनीवरील व पाण्यातील दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना सरसकट वापरले जातात. चाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंत मोठा फरक आहे.

जमिनीवरील कासवाचे पाय हत्तीच्या पायांप्रमाणे जाड व खांबासारखे असतात. बोटांमध्ये पडदा नसतो. घरोघरी आढळणारे चांदणी कासव, ज्यास व्यापारी ‘स्टार’ कासव म्हणतात, ते या प्रकारचे. त्याच्या उंच, काळसर कवचावरील प्रत्येक उंचवट्याच्या मध्यातून पिवळ्या रेषा किरणांप्रमाणे फाकलेल्या असतात. हा प्राणी मुख्यतः शाकाहारी आहे.

पाण्यातील कासवाच्या बोटांमध्ये पोहण्यासाठी पडदा असतो. गोदावरीच्या खोऱ्यातील तळी, ओढे व कालवे यांत आढळणारी मऊ पाठीची कासवे या वर्गात येतात. त्यांचा आहार गोगलगायी, बेडूक, मासे व कुजके मांस असा असतो. नदी स्वच्छ ठेवणारे हे सेवक आहेत. त्यांना पुढे दिलेला चारा घालू नये.

हा भेद न कळल्यामुळे एक गंभीर प्रमाद घडतो. पुण्यप्राप्तीसाठी किंवा घरातील कासवाचे ओझे वाटू लागल्यावर काही लोक चांदणी कासव नेऊन नदीत सोडतात. या कासवास पोहता येत नाही. घाटावरून गोदावरीत सोडलेले चांदणी कासव बुडून मरते.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशातील कासवांना संरक्षण दिलेले आहे. २०२२ साली या अधिनियमात सुधारणा झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. या सुधारणेनुसार चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ व हत्ती यांच्या पंक्तीत आहे. ते पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्यास किमान ३ ते कमाल ७ वर्षांपर्यंत कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

इतकी कडक तरतूद का करावी लागली, हेही समजून घेतले पाहिजे. चांदणी कासवाचे मूळ वसतिस्थान म्हणजे वायव्येकडील गुजरात-राजस्थानचा कोरडा प्रदेश, तसेच आंध्र प्रदेश, कर्नाटक व तामिळनाडू यांतील झुडपी माळराने आणि श्रीलंका. तेथून लहान पिले गोळा करून पोत्यांत व पेट्यांत कोंबून परदेशी पाठविण्याचा चोरटा व्यापार वर्षानुवर्षे चालत आला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूर येथे हस्तगत झालेली ५१ चांदणी कासवे विमानाने बंगळूरला परत आणण्यात आली होती. २०१९ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या कासवाचा जागतिक व्यापार रोखण्यासाठी त्यास सर्वोच्च संरक्षण देण्यात आले. घरात एक कासव आणणारा गृहस्थ स्वतःस निरुपद्रवी समजतो. परंतु त्याने दिलेली किंमतच या व्यापारास जिवंत ठेवते.

संरक्षित प्राणी कोणत्याही मार्गाने हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा वनाधिकाऱ्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. रस्त्यावर सापडलेले कासव असो किंवा कोणी भेट म्हणून दिलेले असो, नियम हाच. पुढील माहितीचा सर्वसामान्य नागरिकास उपयोग होईल तो या ४८ तासांत. वनविभागाच्या व प्राणी उपचार केंद्रांच्या कर्मचाऱ्यांस मात्र ती दीर्घकाळ उपयोगी पडेल.

कासवाच्या पोटाची रचना

कासवास दात नसतात. पोपटाच्या चोचीसारख्या कठीण ओठांनी ते पाला तोडते व तो जवळजवळ तसाच गिळते. हा पाला आतड्याच्या मागील भागात सूक्ष्म जंतूंच्या साह्याने सावकाश आंबून पचतो. या क्रियेस चोथा भरपूर लागतो. साखर व पिष्ट यांनी ती बिघडते. म्हणूनच भात, पोळी, बिस्किटे, केळी, आंबा हे पदार्थ कासवास अतिसाराला कारणीभूत ठरतात. दूध तर मुळीच देऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिलांना निसर्गतः दूध मिळत नसते व ते पचविण्याची सोयही त्यांच्या शरीरात नसते.

दुसरी गोष्ट चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. कासवाचे कवच हे अंगावर चढविलेले चिलखत नव्हे. पाठीचा कणा व बरगड्या रुंदावून त्याचा आतील हाडांचा भाग बनलेला असतो आणि त्यास संवेदना असते. ही हाडे बळकट राहावीत यासाठी आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे, असे प्राणिवैद्यक सांगते. धान्ये व डाळी यांत प्रमाण याच्या उलट असते. हिरव्या रानपाल्यात ते बहुतांशी योग्य असते. शिवाय हे कॅल्शियम अंगी लागावयास प्रत्यक्ष सूर्यप्रकाश लागतो. काचेच्या पेटीत किंवा पलंगाखाली ठेवलेल्या कासवास उत्तम चारा घातला तरी त्याचे कवच मऊच राहणार.

निर्धोक चारा

परदेशी पुस्तकांत कासवाचा चारा म्हणून डँडेलियन, क्लोव्हर इत्यादी वनस्पतींची नावे असतात. आपल्या मैदानी मुलखातील बांधांवर त्या सहसा दिसत नाहीत. परंतु त्याच गुणाच्या आपल्या वनस्पती विपुल आहेत. सीमाभागातील वाचकांच्या सोयीसाठी काहींची तेलुगू नावेही दिली आहेत.

१. गवते : हरळी (तेलुगू : गरिक), मारवेल व इतर कोवळी चराऊ गवते. चांदणी कासवाच्या आहारात गवताचा वाटा मोठा असावा. वाळलेले गवतही चालते.

२. दगडी पाला : यास एकदांडी किंवा कंबरमोडी असेही म्हणतात (तेलुगू : गड्डी चामंती). जमिनीवर पसरणारे, खरखरीत दातेरी पानांचे हे तण असून लांब दांड्यावर एकेकटे, मध्ये पिवळे व कडेने फिकट पाकळ्यांचे फूल येते. पान व फूल दोन्ही द्यावीत.

३. पाथरी : मराठवाड्यात हिची भाजी आवडीने खातात. पाने जमिनीसरशी चक्राकार पसरतात, फूल पिवळे असते व पान तोडताच पांढरा चीक येतो. परदेशी डँडेलियनची ही जवळची नातलग होय.

४. केना : पावसाळ्यात पिकांत माजणारे, रसरशीत कांड्यांचे व निळ्या फुलांचे तण.

५. पुनर्नवा : घेटुळी, वसू किंवा खापरखुटी (तेलुगू : अटिकमामिडि). लालसर दांड्यांची व बारीक गुलाबी फुलांची ही वेल उन्हाळ्यातही तग धरते.

६. जास्वंद (तेलुगू : मंदार) : पाने व फुले दोन्ही. आजारी किंवा बिचकलेले कासवही बहुधा या फुलास तोंड लावते.

७. तुती : कोवळी पाने.

८. फड्या निवडुंग (तेलुगू : नागजेमुडु) : काटे व बारीक कुसे काळजीपूर्वक काढून किंवा भाजून टाकून फडी कापून द्यावी. तीत पाणी व कॅल्शियम दोन्ही चांगले असतात.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. ‘निवडुंग’ हे नाव आपण चपट्या फड्यांच्या झाडासही देतो आणि चीक गाळणाऱ्या तीनधारी निवडुंगासही देतो. तेलुगूतही ‘जेमुडु’ हा शब्द दोन्ही तऱ्हेच्या झाडांना लागतो. पहिले खाद्य आहे. दुसऱ्याचा चीक तोंड, डोळे व आतडी यांची आग करणारा आहे. फांदी तोडल्यावर दुधासारखा चीक ओघळला तर ते निवडुंग कासवाजवळही नेऊ नये.

बेताने द्यावयाचा चारा

घोळ (तेलुगू : पायल कूर), तांदुळजा, माठ, राजगिरा, पालक, चाकवत व अंबाडी या पालेभाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. हे आम्ल कॅल्शियमला बांधून टाकते व ते अंगी लागू देत नाही. इतर पाल्यात मिसळून थोड्या प्रमाणात या भाज्या दिल्यास हरकत नाही. रोजचे अन्न म्हणून देऊ नयेत. लसूणघास व शेवग्याची पाने पौष्टिक असली तरी त्यांत प्रथिने अधिक असल्याने मूठभर पाल्यात चार पाने पुरेत. काकडीत पाण्यावाचून फारसे काही नसते.

आंध्र प्रदेशातील श्रीकाकुळम जिल्ह्यात श्रीकूर्मम् येथे विष्णूच्या कूर्मावताराचे प्रसिद्ध मंदिर आहे. त्याच्या आवारात चांदणी कासवे राहतात व त्यांना गोंगुरा म्हणजे अंबाडीची पाने घालण्याची रीत आहे. ते पाहून आलेल्या यात्रेकरूंचा असा समज होतो की अंबाडी हेच कासवाचे अन्न. कोणतीही एकच भाजी, मग ती कितीही आवडीची असो, हा संपूर्ण आहार होऊ शकत नाही. रानातील कासव फिरता फिरता येथे दोन पाने, तेथे एक फूल, असे अनेक वनस्पतींवर चरत असते. दररोज निदान चार-पाच जातींचा पाला मिसळून देणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सर्वथा वर्ज्य वनस्पती

१. गाजरगवत, अर्थात काँग्रेस गवत (तेलुगू : वय्यारिभामा) : १९५५ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. फुलोऱ्यावर आलेले झाड सर्वांस ओळखू येते; पण त्याचे कोवळे रोप गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पाल्यासारखे दिसत असल्याने फसगत होते.

२. घाणेरी किंवा टणटणी : रंगीबेरंगी फुलांचे हे झुडूप जनावरांच्या यकृतास अपाय करते.

३. रुई (जिल्लेडु), कण्हेर (गन्नेरु), धोतरा (उम्मेत्त), एरंड (आमुदमु), पिवळा धोतरा, मोगली एरंड व गुंज : या सर्व वनस्पती विषारी आहेत. कण्हेरीचे विष हृदयावर परिणाम करते.

४. बेशरम : ओढ्याकाठी व कालव्यांच्या कडेने माजणाऱ्या या झुडपामुळे शेळ्यामेंढ्यांना विषबाधा होते, कासवासही ते घालू नये.

५. शेर, तीनधारी निवडुंग, क्रोटन आणि दिवाणखान्यात कुंड्यांतून लावलेली डिफेनबेकिया व मनीप्लँट ही शोभेची झाडे.

वाचकांच्या लक्षात येईल की केवळ ढोबळ खुणांवर विसंबून चालत नाही. चीक येणारी झाडे बहुधा वर्ज्य असतात, तथापि पाथरीस चीक असूनही ती खाद्य आहे. पाथरी, दगडी पाला व गाजरगवत ही तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. त्यांतील दोन उपयुक्त व तिसरे घातक. म्हणून ज्या झाडाची पक्की ओळख नाही ते देऊ नये, हा एकच नियम सर्वत्र लागू पडतो. शंका आल्यास गावातील निंदणी करणाऱ्या वृद्ध महिलांना विचारावे. तणांची नावे व गुण त्यांच्याइतके क्वचितच कोणास ठाऊक असतात.

पाला कोठून आणावा

निर्धोक वनस्पतीही अयोग्य जागेवरून आणल्यास विष ठरते. कापूस, सोयाबीन व हळद यांच्या शेतांत आणि बांधांवर तणनाशके व कीटकनाशके फवारली जातात. फवारलेले तण काही दिवस हिरवेच दिसते. म्हणून शेतमालकास विचारल्याखेरीज बांधावरचा पाला तोडू नये. हमरस्त्याच्या कडेचा, सांडपाण्याच्या नालीजवळचा व रेल्वेमार्गालगतचा पाला टाळावा. परसबागेतील किंवा शाळेच्या आवारातील, औषध न मारलेला पाला उत्तम. तो स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा.

देवळातील निर्माल्य कासवापुढे ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. हारांत कण्हेरीची फुले, दोरा व तार असते. बाजारातील झेंडूवर औषधे मारलेली असतात. दगडी कासवास वाहिलेले फूल जिवंत कासवाच्या तोंडी देणे योग्य नव्हे. त्याच्या पाठीस तेल, रंग, हळद-कुंकू लावणेही टाळावे.

दोन दिवसांची काळजी

कासव सापडल्यास ते हवेशीर खोक्यात, खाली कोरडे गवत किंवा गोणपाट अंथरून ठेवावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवावे. मात्र निम्म्या भागात सावली असावी. उथळ ताटलीत त्याच्या हनुवटीपर्यंत येईल इतकेच कोमट पाणी ठेवावे, म्हणजे ते स्वतःहून पिते. त्याच्या कवचाएवढा मिश्र पाल्याचा ढीग सकाळी समोर ठेवावा. भेदरलेले कासव पहिल्या दिवशी खातही नाही. त्याच्या तोंडात जबरीने काही कोंबू नये. कवचास तडा गेला असल्यास स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.

या अवधीत वनविभागास कळवावे. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. बासर परिसरातील नागरिकांनी जवळच्या वनक्षेत्र अधिकाऱ्याशी अथवा पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. आपणच कासव रानात सोडून देऊ नये. आपल्या भागात आढळणारी चांदणी कासवे बहुधा दूरच्या प्रदेशातून आणलेली असतात. त्यांच्यापासून स्थानिक प्राण्यांना रोगाचा संसर्ग होऊ शकतो, आणि अनोळखी रानात त्यांचाही निभाव लागेल असे नाही. तपासणी करून योग्य ठिकाणी पाठविण्याचे काम वनविभागाचे आहे.

शिक्षकांसाठी उपक्रम

जून ते सप्टेंबर हा काळ तणांच्या ओळखीस सर्वोत्तम. विद्यार्थ्यांकडून शाळेभोवतीच्या दहा तणांचे नमुने जमवावेत. ते वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून कागदावर चिकटवावेत व प्रत्येकाखाली मराठी व तेलुगू नाव लिहवून घ्यावे. नमुन्यांची ‘खाद्य’, ‘बेताने’ व ‘वर्ज्य’ अशी तीन गटांत मांडणी करावी. विषारी नमुने शिक्षकांनी स्वतः गोळा करावेत. गाजरगवतास उघड्या हाताने स्पर्श करू देऊ नये. वर्गात पुढील प्रश्न विचारता येतील : गाजरगवताचे कोवळे रोप व कोथिंबीर यांतील फरक कसा ओळखाल? दोन निवडुंगांतील भेद कोणता? चांदणी कासव नदीत का सोडू नये? संरक्षित प्राणी सापडल्यास किती तासांत कळवावे लागते?

चांदणी कासव अनेक दशके जगते. आज ज्या मुलाचे बोट धरून बासरला अक्षराभ्यास करविला, त्याच्या प्रौढपणापर्यंत रानातील एखादे कासव सुखाने चरत राहू शकते. त्यासाठी त्यास आपल्या घराची गरज नाही. त्यास औषध न मारलेला बांध, थोडे माळरान आणि ते आढळताच कायद्याप्रमाणे वागणारा नागरिक लाभला म्हणजे पुरे. या पाठातील माहिती ग्रामसभेत, शाळेत व बचत गटांच्या बैठकीत वाचून दाखवावी आणि कोणाच्या घरी कासव असल्यास ते वनविभागाच्या स्वाधीन करण्यास त्या कुटुंबास साहाय्य करावे, असे आवाहन करण्यात येत आहे.